कोऱ्या रकान्यांची रिकामटेकडी

पाणी तपासणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे ‘रिकामटेकडी’ म्हणायचे. बाई कामाला वाघ, पण नाव पडलं ते पडलं. नोंदी किती आहेत यापेक्षा कुठे नाहीत, हे हुडकण्याचा तिला भारी नाद. संगणकावर तिने सगळ्या नोंदींचा तक्ता असा रचला होता, की तो हवा तसा फिरवता यायचा: विहिरींप्रमाणे, महिन्यांप्रमाणे, नाहीतर पाण्यात काय काय तपासलं त्याप्रमाणे. सुई हरवल्यावर चादर चारी बाजूंनी झटकावी, तसा ती तो झटकायची.

त्या दिवशी पाण्याचा नकाशा वर पाठवायचा होता; पाणी चांगलं असेल त्या विहिरीला हिरवा ठिपका. खालच्या वस्तीतल्या विहिरीच्या नोंदींची नुसती रेलचेल. एकही महिना सुटलेला नाही.

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. “हिरवा रंग दे आणि पाठव.”

तिने तक्ता आणखी एकदा फिरवला. गढूळपणा तपासलेला, जंतू तपासलेले, नायट्रेटचा रकाना मात्र पहिल्यापासून कोरा. नायट्रेट मोठ्यांना एक वेळ चालून जातं, तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततं. आणि त्याच वस्तीत तिची नणंद राहायची. नोकरी परत सुरू होणार म्हणून लेकीला डब्यातल्या दुधावर आणायचं तिचं घाटत होतं.

तिने फोन लावला. “बाळाच्या दुधात विहिरीचं पाणी घालू नकोस.”

“वाईट आहे का गं, वहिनी?”

“माहीत नाही.”

“उकळून घेते की.”

“उकळून हे जात नाही. आम्हाला कळेपर्यंत विकतचं आण.”

“तुलाच माहीत नाही, तर कोणाला असणार?” नणंदेने फणकाऱ्याने फोन ठेवला.

साहेबांनाही तिने तेच सांगितलं: माहीत नाही, ठिपका कोराच ठेवू. त्यांनी कपाळाला हात लावला. “ठिपका कोरा गेला तर वरचे माझी हजेरी घेतील.”

“घेऊ देत. हिरवा गेला तर तिथे तपासायला कोणी फिरकणार नाही.”

‘माहीत नाही’ म्हणायला काय लागतं, असं वाटतं खरं. जिथे माहीत असण्याचाच पगार मिळतो, तिथे म्हणून बघा! तिने म्हटलं, आणि साहेबांनीही शहाण्यासारखं ऐकलं. ठिपका कोराच गेला, नमुने आणायला गाडीही गेली.

नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट निघालं. विहिरीवर पाटी लागली.

पाटी लागली त्या संध्याकाळी नणंद आली. लेकीला तिने वहिनीच्या मांडीवर दिलं आणि शेजारी टेकली.

“त्या दिवशी तू नुसतं ‘चांगलं आहे’ म्हणाली असतीस ना, वहिनी,” ती म्हणाली, “तर मी लगेच पाजलं असतं.”