काचेचा जोडा आणि मुंगवड्या

“आखी रात तिच्यासंगं नाचला, अन् तोंड नाही पाह्यलं त्यानं?” शेजारच्या काकू वहिनीच्या कानाशी म्हणाल्या. कानाशी, पण गच्चीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“पाह्यलं असन, इसरला असन,” वहिनी म्हणाली. “आमच्या घरचे तर लग्नाचा फोटो पाहून इचारतेत, ही कोण व्हय म्हणून.”

दोघी हसल्या. मी हातातली मुंगवडी प्लास्टिकवर टाकली आणि हसणं संपायची वाट पाहिली. माझा राजपुत्र काचेचा जोडा हातात घेऊन दारात उभा होता. पुढे काय झालं एवढंच सांगायचं उरलं होतं.

सौंसरला मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या काकूच्या, गच्चीवर दरवर्षी मुंगवड्या होतात. वाटलेल्या मुगाच्या डाळीचे हे लहान लहान गोळे ऊन चढायच्या आत घालून व्हावे लागतात. म्हणून एकीनं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी ‘हूं, हूं’ म्हणत राहायचं. गोष्ट चालते तोवर हात चालतात. नियम एकच, सुरू केलेली गोष्ट अर्धी ठेवायची नाही. सांगणारी थांबली तर दुसरीनं ती उचलायची.

या नियमानं मला छळलं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी ऐकली पुष्कळ, बोलले कमी. शब्द शोधायला मी दोन श्वासांपुरती थांबते आणि तेवढ्यात मोठी आई गोष्ट घेऊन जाते. माझा ससा शर्यत हरला, कारण लोधीखेड्यात त्याला पाव्हणे भेटले आणि चहाला बसावं लागलं. आजीच्या गोधडीत शिरलेल्या लांडग्याला मोठ्या आईनं संत्र्याच्या बागेत राखणीला ठेवून दिलं. गोष्टी मजेदार होतात, नाही कशाला म्हणू? पण त्या माझ्या राहत नाहीत.

यंदा मला शेवट हवाच होता. मी बी.एड. करते आहे. सोमवारी पांढुर्ण्याच्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना मराठीत गोष्ट सांगायची होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि मागच्या बाकावर मॅडम वही घेऊन बसणार होत्या. या गोष्टीचा शेवट मी बदलला होता, तीनदा लिहून, खोडून. इथं तिघींसमोर तो तोंडातून निघाला नाही, तर वर्गात कसा निघणार?

“मग राजपुत्र घराच्या…” मी सुरू केलं. उंबरठा हा शब्द काही केल्या आठवेना.

“हूं,” वहिनी म्हणाली. “हूं. हूं?”

“थांबली पोरगी,” मोठी आई म्हणाली. “आन इकडं. मंग त्या पोट्टीनं जोडा घातला, बरोबर बसला, अन् लग्नाचा मांडव पडला मोहगावले.”

“मोहगावले काहून?” काकूंनी विचारलं. “एवढा मोठा राजा थो.”

“गाड्या लावाले जागा हाय तिथं.”

“जेवाले काय होतं?” वहिनी.

“पुरनपोई. अन् राजाची आई रुसून बसली, तिले लुगडं पसंत नाही पडलं.”

“कोनत्या रंगाचं होतं?”

मला उंबरठा आठवला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. वरात तो ओलांडून कधीच गेली होती. पातेल्यात वाटण जेमतेम चार मुठी उरलं होतं. ते संपलं की सगळ्या उठणार, हात धुणार, आणि राजपुत्राचं लग्न कायमचं लागलेलं राहणार. ‘माझी गोष्ट आहे’ हे वाक्य मी मनात दोन्ही भाषांत इतक्यांदा म्हटलं आहे की ते झिजून गेलं असेल.

“काय पाहून राहिली?” मोठी आई मला म्हणाली. “हात चालव. तर लुगडं होतं हिरवं…”

मी हातातलं वाटण पातेल्यात परत टाकलं.

“मोठी आई, थांब. लग्न झालंच नाही. तिनं तो जोडा घातला, मग आतून दुसरा आणला, तोही घातला, आणि राजपुत्राला म्हणाली, बरं झालं आणून दिला, एकाच पायात घालून कुठं जाता येत नव्हतं. मग त्याच्या देखत बाजारात निघून गेली. आणि लुगडं कोणाचंच नव्हतं. माझी गोष्ट आहे, मीच संपवीन.”