लाल दोऱ्याच्या शेंगा

स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातला चवळीचा वेल दिसतो आणि माझं डोकं फिरतं. लांबसडक, भरदार शेंग दिसली की सासूबाई तिला लाल दोरा बांधतात. “ही बियाण्याची. हात लावू नकोस.” आमच्या भाजीला उरतात त्या किडक्या, वाकड्या. या घरात चांगल्या चादरी पाहुण्यांच्या, चांगले कप कपाटातले आणि चांगली शेंग पुढच्या वर्षाची. मग आजच्या दिवसाने कुणाचं काय घोडं मारलंय?

काल शेजारच्या काकूंनी वाटीभर भाजी पाठवली, आमच्याच बियाण्याची. काय कोवळ्या शेंगा! सासूबाई घास चावत हळहळल्या, “सगळ्या तोडून खाल्ल्या वाटतं. आता पुढच्या वर्षी बी कुठून आणणार ती?”

“कुठून म्हणजे? तुमच्याकडून!” मी वैतागून म्हणाले.

“हो, ते खरंच,” म्हणत त्या आणखी दोरा कापायला उठल्या.