ट्रायग्लिसराइडचं टाइमटेबल

“ह्यांचं बरं हाय. पोरगी इंग्लिश मीडियमची. रिपोर्ट आधी घरातच वाचत्यात, मग डॉक्टरला दाखवत्यात.”

दवाखान्याच्या बाकावरच्या एका आजींनी शेजारणीला हे सांगितलं आणि मी हातातल्या फायलीत तोंड घातलं. फायलीत माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, रक्ताचा रिपोर्ट होता. उत्कृष्ट रिपोर्ट. आणि संपूर्ण खोटा.

खोटा म्हणजे, आकडे खरेच होते. आप्पा खोटे होते.

आप्पा निपाणीकडच्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं त्यांनी कॉपी करणारी पोरं पकडली. पायमोज्यातली चिठ्ठी त्यांना वर्गाच्या दारातून दिसायची. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या ट्रायग्लिसराइडचा आकडा आला चारशे बारा. हवा होता दीडशेच्या आत.

“एवढे मार्क मला जन्मात पडले न्हाईत,” आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी. ती फक्त तेल-तुपानं वाढते असं नाही. साखर, भात, मैदा गरजेपेक्षा जास्त पोटात गेला की शरीर त्याचीही चरबी करून ठेवतं, आणि ती वाढून राहिली की हृदयाला धोका. रोज एक गोळी, रोज चालणं, गोड बंद, तीन महिन्यांनी परत तपासणी. (मी “हो” म्हटलं. दवाखान्यात मी एवढंच बोलते.)

घरी येऊन आईनं फोडणी बंद केली. आप्पांनी कुंदा चालू ठेवला.

“डॉक्टर गोड नको म्हणाले होते,” आई म्हणाली.

“कुंद्यात तेलाचा थेंब तरी दिसतोय का तुला?”

“साखर दिसतीया.”

“ते दूध हाय. आटवलेलं.”

बेळगावात कुंद्यावरून यापुढे वाद घालायची पद्धत नाही.

इथपर्यंत चूक त्यांची. पुढची माझी. त्याच आठवड्यात जेवताना, कुणी विचारलेलं नसताना, मी फोनवर वाचलेलं सांगून टाकलं: कोलेस्टेरॉल हळूहळू उतरतं, पण ट्रायग्लिसराइड आठवडाभराच्या पथ्यानंही बरंच खाली येऊ शकतं. मला वाटलं, माणसाला धीर येईल. आप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“आठवडाभर?”

“हो, पण खाणं सुरू केलं की परत...”

“पुढचं सांगू नको. तपासणी कधी हाय?”

त्यांनी माझ्याकडून टाइमटेबल करून घेतलं. पहिले अकरा आठवडे सुट्टी, बारावा अभ्यासाचा. (मी सुबक तक्ता केला. रंग भरले. शाळेत प्रोजेक्टला मला नेहमी पूर्ण मार्क असायचे.) अकरा आठवडे घरात मांडे आले, कुंदा आला, चहात दोन-दोन चमचे साखर गेली. बारावा उजाडला आणि आप्पांनी संन्यास घेतला! भाकरी, पालेभाजी, दोन वेळा फिरणं, आणि आम्ही चहा पीत असलो की आमच्याकडे तुच्छतेनं बघणं.

“आयत्या वेळी पुस्तक उघडतोस म्हणून ह्या माणसानं पोरांना छड्या मारल्यात,” आई मला म्हणाली.

“ती पोरं नापास व्हायची,” आप्पा आतून म्हणाले. “मी होणार न्हाय.”

आणि झाले नाहीत! एकशे अठ्ठेचाळीस. रिपोर्ट घरच्या ग्रुपवर गेला. निपाणीच्या काकांनी खाली चार वेळा हात जोडले. आप्पांनी आनंदानं अर्धा किलो कुंदा आणला आणि त्याच संध्याकाळी आमच्या अनगोळच्या गल्लीतले तीन निवृत्त सद्गृहस्थ घरी हजर झाले. तिघांचेही डॉक्टर तेच, आणि तपासणी दहा दिवसांवर आली होती.

“सर, तुमची बेबी टाइमटेबल करून देतीया म्हणं?”

“देती की. ए बेबी, आणखी तीन काढ गं.”

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं. मी तीन काढले. रंगीत.

तर तो रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे आलो होतो. दवाखाना पहिल्या मजल्यावर. वीस पायऱ्यांत आप्पा तीनदा थांबले. पहिल्यांदा त्यांच्या चपलेत खडा गेला. दुसऱ्यांदा त्यांना भिंतीवरचा कन्नड बोर्ड वाचायचा होता. (जन्म बेळगाव-निपाणीत गेला, पण कन्नड बोर्ड आप्पांनी तत्त्व म्हणून कधी वाचलेला नाही.) तिसऱ्यांदा कारण सांगण्याइतकाही दम त्यांच्यात उरला नव्हता. कठड्याला धरून ते नुसतेच उभे राहिले. कपाळ घामानं भिजलं होतं.

“डॉक्टरांना सांगायचं न्हाय,” वर पोचल्यावर ते रुमालानं घाम पुसत म्हणाले. मी मान हलवली. बाकावर बसलो, आजींचं ऐकलं, मग नंबर आला.

डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. “वा, सर! मुलीनं चांगलंच लक्ष ठेवलेलं दिसतंय.”

लाज वाटण्याऐवजी मी लाजले.

“मग आता ही गोळी बंद करून बघू. दुसरा काही त्रास? चढताना धाप वगैरे?”

“छे,” आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन गोळीच्या नावाकडे नेलं. आप्पा छताकडे बघत होते. त्यांच्या शर्टाची कॉलर अजून ओली होती. मी घसा खाकरला, आणि दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंतीवरचं कॅलेंडर खोकलं.

“डॉक्टर, गोळी बंद करू नका. हे फक्त गेल्या आठवड्याचे आप्पा आहेत. त्याआधीच्या अकरा आठवड्यांचे आप्पा आत्ता जिन्यात तीनदा थांबले. टाइमटेबल मी करून दिलं होतं. आणि पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले तिघं येतील. त्यांचेही रिपोर्ट चांगलेच असतील. पण आकड्यांवर जाऊ नका, जिना कसा चढलात ते आधी विचारा. तिघंही माझेच विद्यार्थी आहेत.”