बाराव्या बाईची सही

२००२ सालच्या भादव्यातला सोमवार, दुपारचे तीन. रक्कम पाच रुपये. हजर: मी म्हणजे फौजदार, पोलीस ठाण्याचे हवालदार आणि एक न्हावी. नोकरीतले मोठमोठे गुन्हे आता विसरत चाललो आहे, ही नोंद मात्र तोंडपाठ आहे.

सोमवार म्हणजे न्हाव्याच्या दुकानाला सुट्टी. त्याने पाचाची नोट माझ्या टेबलावर ठेवली. औंढ्याच्या रस्त्यावर तेव्हा एक वृद्धाश्रम होता. उवा झाल्या म्हणून मॅनेजरने बारा बायकांच्या मुंडणाचे साठ रुपये त्याला आगाऊ दिले होते.

"अकरा जणी विधवा होत्या साहेब, त्यांचं केलं. बारावीचा मालक जिता हाय. मेंढरं घेऊन हिंडून राहिला, दिवाळीला येईल. तिच्या डोक्याला वस्तरा काहून लावू मी? मॅनेजर पैसे बी परत घेईना. म्हनतो, कागदावर अंगठा हाय तिचा."

"घ्या साहेब, आता उवांचा पंचनामा," हवालदार म्हणाले. मीही हसलो. नोट जमा करून घेतली आणि आश्रमात गेलो ते गुरुवारी.

तोवर सेविकेने बारावीचेही काम कात्रीने उरकले होते. म्हातारी कुंकवापर्यंत पदर ओढून खाटेवर बसली होती. मांडीचे हाड मोडल्यामुळे तिला मेंढरांमागे चालवत नव्हते, म्हणून नवऱ्याने चार महिन्यांपुरते तिला इथे ठेवले होते.

मॅनेजरने शांतपणे फाईल दिली. बारा संमतीपत्रे. 'रहिवाशाची इच्छा' या रकान्यात बाराही ठिकाणी एकाच हातचे एकच वाक्य: 'मला वाचून दाखवले, मान्य आहे.' खाली अंगठे. वाक्य ओळखीचे वाटले. आमच्या प्रत्येक जबाबाचा शेवट जवळपास असाच असतो, आणि आम्हीही तो वाचून न दाखवताच लिहितो.

मी म्हातारीचा जबाब लिहिला आणि सवयीने शाईचे पॅड पुढे सरकवले. तिने हात मागे घेतला.

"सई करते मी. साक्षरतेच्या वर्गात शिकले. तुमी बी पॅडच पुढं करून राहिले? त्या मॅनेजरची शाळा तुमच्याच ठान्यात झाली वाटतं."

सहीला तिला दोन मिनिटे लागली. मग मी आश्रमाचे दाखल रजिस्टर मागवले. त्यात तीच वाकडी सही होती. तारीख संमतीपत्राचीच.

मॅनेजरला विचारले, "एकाच दिवशी इथे सही आणि तिथे अंगठा?"

"थकली असेल, साहेब."

"आधी काय घेतलं? सही की अंगठा?"

त्याने पाणी मागितले. तासाभराने बोलला. "एकेकीला विचारत बसलो तर आश्रम चालवायचा कधी? दाखल झाल्या दिवशीच, गोळ्या देताना, कोऱ्या कागदावर तारीख टाकून अंगठे घेऊन ठेवतो. मजकूर लागेल तसा भरतो."

गुन्हा दाखल केला. म्हातारीने एकच मागितले. "माझ्या धन्याला हा कागद वाचून दाखवा. न्हाईतर तो म्हनंल, मी जिता असून हिनंच हो म्हनलं."

दिवाळीत तो ठाण्यात आला. मी जबाब मोठ्याने वाचला. त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"पुन्यांदा वाचा."

वाचला.

"बराबर हाय. तिला इचारलंच न्हाई कुनी." आणि तो तिला घेऊन गेला.

एवढ्या नोकरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलेला माझा तो पहिला जबाब. बाकीच्या अकरा जणींना केस हवे होते का? न्हाव्याने विचारले नाही, मीही नाही. दोषारोपपत्रात त्या साक्षीदार म्हणूनसुद्धा नाहीत. अंगठा कोणाचा हे सांगणारे तज्ज्ञ आमच्याकडे होते. तो घेण्याआधी माणसाला विचारले का, हे बघणारा कोणी नव्हता, आणि जो असायला हवा होता तो सोमवारी ठाण्यात बसून हसला होता.

तीन वर्षांनी निकाल लागला. मॅनेजरला हजार रुपये दंड, तो सरकारजमा झाला. पाचाची नोट मुद्देमालातून मॅनेजरलाच परत मिळाली. म्हातारीला साक्षीचा थकलेला भत्ता तीस रुपये. कोर्टाच्या कारकुनाने मान वर न करता पॅड तिच्यापुढे सरकवले. मी शेजारीच उभा होतो. तिने पॅडकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी घड्याळात पाहिले.

"कुठं कुठं भांडू, साहेब?" म्हणत तिने पावतीवर अंगठा टेकवला आणि तीस रुपये पदराला बांधले.