मीराबाईच्या खांद्यावरचा हात

माही प्रेमलता आत्या फोटोतल्या लोकांशी बोलायची. खरंच! गोळीबार चौकाजवळच्या एका स्टुडिओत ती कॉम्प्युटरवर बसायची अन् दिवसभर एकच काम, लोकांले गर्दीतून कापून वेगळं काढायचं. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो कोणी काढूनच ठेवत नाही न, मग माणूस गेलं की पोरं लग्नाबिग्नाचा ग्रुप फोटो घेऊन धावत यायची, तेरवीच्या आत हार घालायले फोटो पाहिजे म्हणून. आत्या चेहरा मोठा करायची, कानाच्या कडेकडेनं माऊसनं टिकटिक बिंदू देत जायची अन् म्हणायची, "हलू नका काकाजी, कान कापल्या जाईल."

आता तो स्टुडिओ बंद झाला. मोबाईलवर बोट दाबून धरलं की माणूस आपोआप सुटून येते. काल मी तसंच करून राहिली होती अन् एकदम सगळं आठवलं, म्हणून लिहून राहिली.

मी अकरावीत होती. ट्यूशन सुटली की तिथंच जाऊन बसायची, एसी होता न! आत्या लहानपणी घरच्या हातमागावर बसलेली, मग माग भंगारात गेला अन् ती या खुर्चीवर आली. केस कापताना तिचा जीव जायचा. "चेहरा सोपा वं रुचिका, केसच बेइमान." मालक ओरडायचे, "अहो बाई, एवढा एक केस कोण पाहून राहिलं?" ती ऐकायचीच नाही.

एका दुपारी गणपतराव नावाचे काकाजी आले. बायको गेली होती, मीराबाई. दुसऱ्या दिवशी तेरवी. हातात मीराबाईचाच मोबाईल, त्यात कोणाच्या तरी लग्नातला एक फोटो. बाई सगळे दात दाखवून हसून राहिल्या, अन् खांद्यावर कोणाचा तरी हात.

"तो हात काढा," काकाजी म्हणाले. "साळीचा आहे, हिच्या बहिणीचा. गोदूबाईचा."

आत्यानं मान हलवली. हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचं बोटसुद्धा येऊ देत नाही, अपशकुन असते. पण काकाजींचं कारण वेगळंच! नातवाच्या जावळाच्या जेवणात गोदूबाई चारचौघात यांच्या हातच्या रश्श्याले पानचट म्हणाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. मीराबाईच्या अंत्यविधीतही दोघं बोलले नाही. रश्श्यापायी! बाप्पा!

आत्यानं हात कापला. हाताखाली खांदा नव्हताच, मग दुसऱ्या खांद्यावरचा पदर उचलून तिथं बसवला. मागं निळा रंग टाकला. मले तर एकदम मस्त वाटलं.

काकाजी पाहतच राहिले. "हे कोण होय?"

"तुमच्या घरच्याच न, काकाजी."

"नाही. ही अशी एकटी नव्हती हसत कधी. ही तर येड्यासारखी हसून राहिली."

"मग तोंड बंद करून देऊ काय? जमते कॉम्प्युटरवर."

"तिचं तोंड? माह्याच्यानं जिंदगीभर नाही झालं, तुमच्या कॉम्प्युटरच्यानं होईन काय?"

मी फिसकन हसली अन् मग पाहते तर काकाजी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून राहिले. मलेही रडू आलं, मले लगेच येते.

आत्यानं हात परत आणला. बस्स, मीराबाई परत आल्या! कोणीतरी कानात काही सांगितलं अन् त्यावर हसल्या, अश्शा.

"हाच पाहिजे," काकाजी म्हणाले.

"ते माणूस जिवंत आहे, काकाजी. त्यांले विचारल्याशिवाय मी हाराखाली हात नाही देत. माह्याच्यानं होणार नाही."

काकाजी स्टुलावर बसले. पंख्याकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. मग मीराबाईचा मोबाईल माह्यापुढं धरला. "लाव वं पोरी. गोदू नावानं आहे."

मी लावला, स्पीकर सुरू केला. एकाच रिंगमध्ये उचलला. तिकडून एकदम बारीक आवाज, "मीरे?"

आम्ही तिघंही गार. तिच्या मोबाईलवर बहिणीचं नाव दिसलं असन न!

"मी होय," काकाजी म्हणाले. "गणपत."

"…बोला भाऊजी."

"फोटोत तुहा हात आहे. तिच्या खांद्यावर. काढला तर ती ओळखूच येत नाही. ठेवू काय?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज. मग, "ठेवा न. एवढ्यानं काय मरते काय मी? अन् हार बारीक आणा, नाही तर हात झाकल्या जाईल." मग हळूच, "उद्या किती वाजता येऊ?"

"सकाळीच ये. घर तिचंच आहे."

फोन ठेवला तरी काकाजी तो हातातच धरून बसले.

आत्यानं माऊस उचलला. "हात कुठपर्यंत ठेवू, काकाजी? मनगटापर्यंत?"

"बांगड्या येऊ द्या," ते म्हणाले. "नाही तर कोणाचा हात आहे ते लोकाइले कसं समजन?"