झग्याची बारावी घंटी

मावशी मशीन चालवताना मधेच थांबायची. पाय पायडलवर, हात कापडावर आणि मान आतल्या खोलीकडे. दोन-तीन श्वास तशीच. मग पुन्हा टीप सुरू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दोरा तुटला.

ती घंटी ऐकत होती.

आत काका झोपून असत. चौतीस वर्षं बसवर कंडक्टर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डावा हात तेवढा शाबूत. पलंगाच्या दांडीला एक पितळी घंटी बांधली होती आणि तिची दोरी त्या हातात असायची. एकदा वाजली की थांब, इकडे ये. दोनदा वाजली की सगळं ठीक, चालू दे. नियम त्यांनीच केलेला आणि मोडायचेही तेच. दिवसातून दहा वेळा विनाकारण एकदाच वाजवायचे.

मावशी काम टाकून आत जायची. "काय हवंय?"

"काही नाही. आहेस का बघितलं."

"कुठे जाणार? तिकीट कुठे दिलंय तुम्ही मला!"

मावशीला खरी भीती एकच होती. तिने मला ती एकदा काज करता करता सांगितली. दुकान रस्त्याच्या बाजूला, काकांची खोली मागे, आणि मधल्या बोळात पाण्याचा पंप. "मशीन आणि पंप दोन्ही चालू असताना ते गेले, तर मला कळणारही नाही. एकटेच जातील गं."

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. साहित्याची पदवी घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि नोकरी नव्हती. मावशी म्हणाली, "तू नाहीतरी दिवसभर वाचतच बसतेस. इथे बसून मोठ्याने वाच. माझे डोळे तरी वाचतील."

वाचायचं होतं ते शिवणाचंच. मावशी ज्या चर्चची, त्याला शंभर वर्षं होणार होती. सभागृहात प्रदर्शन भरणार होतं. पाळकसाहेबांनी मावशीला दोन पोशाख सांगितले होते, दोन्ही प्राचीन इस्राएलच्या महायाजकाचे, म्हणजे मुख्य पुरोहिताचे. एक सोनेरी कलाकुसरीचा, रोजच्या सेवेचा. दुसरा साधा, पांढऱ्या तलम तागाचा. शास्त्रातले उतारे त्यांनी कागदावर उतरवून दिले होते. मी ते वाचायची, मावशी खडूने कापडावर खुणा करायची.

सोनेरी पोशाखातल्या निळ्या झग्याच्या गळ्याला गोट हवा, म्हणजे तो फाटणार नाही, असं एके ठिकाणी होतं. मावशीने मान वर केली. "हे सांगणाऱ्याच्या घरात नक्की कुणीतरी शिंपी होतं."

पाळकसाहेब दर दोन दिवसांनी येऊन स्टुलावर बसत. दोन्ही खांद्यांवरच्या खड्यांवर इस्राएलच्या सहा-सहा वंशांची नावं आणि तीच बारा पुन्हा छातीवरच्या ऊरपटावर, हे काय, असं मावशीने त्यांना विचारलं.

"खांद्यावर म्हणजे भार उचललाय," ते म्हणाले. "छातीवर म्हणजे काळजात ठेवलंय. हा याजक लोकांची नावं घेऊन देवापुढे उभा राहायचा. आपण ख्रिस्ती माणसं त्याच्यात येशूला बघतो. तोही आपल्याला असाच अंगावर घेऊन उभा आहे."

"माझ्या खांद्यावर एकच नाव आहे," मावशी म्हणाली, "आणि तेच चांगलं वजनदार आहे."

आतून घंटी एकदा वाजली. खणखणीत.

"बघा. भिंतीला कान आहेत आमच्या."

मग लाकडी पुतळा आला. त्याच्यावर झगा चढवला तर तो खांद्यात चार बोटं मोठा. छातीत तर पुतळा पोहत होता. मावशीसारख्या कारागिराच्या हातून असं कधी होत नाही.

"माप कुणाचं घेतलंत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

मावशी टाचण्या गोळा करू लागली. पुतळा यायचा होता. मापं नव्हती. कापड पुढ्यात होतं. तिच्या हाताला तोंडपाठ असलेलं माप एकाच पुरुषाचं होतं, काकांच्या खाकी गणवेशाचं. आजारपणाच्या आधीचं. दोन्ही पोशाख तिने त्याच मापाने बेतले होते. आता काका त्या मापाचे राहिले नव्हते, हे तिच्या कात्रीला कुणी सांगितलंच नव्हतं.

निळा झगा तिने उसवून बारीक केला. पांढरा नंतर बघू म्हणाली.

झग्याच्या खालच्या काठाला लोकरीची डाळिंबं आणि घंट्या लावायच्या होत्या, एक डाळिंब, एक घंटी, असं आळीपाळीने. मावशीने डाळिंबं बारा केली. घंट्या आल्या अकरा. बाजारातल्या दुकानातला माल संपला होता.

काकांना कळलं. त्यांनी एकदा घंटी वाजवली. आम्ही दोघी आत गेलो.

"ही... लाव," ते हातातल्या दोरीकडे बघत म्हणाले.

"आणि मला कसं कळायचं हो?" मावशीचा आवाज चढला. "काही भलतं बोलू नका."

त्या दुपारी मी पांढऱ्या पोशाखाचा उतारा वाचत होते. पाळकसाहेबही होते. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक सोन्याचं सगळं उतरवून ठेवतो. अंघोळ करतो. साधा तागाचा अंगरखा, खाली चोळणा, कमरबंद, डोक्याला मंदिल. एवढंच घालून पडद्याआड, देवळाच्या सगळ्यात आतल्या परमपवित्रस्थानी जातो.

"घंट्या कुठे लावायच्या?" मावशीने विचारलं.

"याला घंट्या सांगितलेल्या नाहीत."

"त्या निळ्या झग्याला तर मरण येऊ नये म्हणून होत्या ना? आत-बाहेर करताना आवाज यावा म्हणून?"

"हो."

"मग या दिवशी बाहेरच्यांना कसं कळायचं, आत माणूस आहे की नाही?"

पाळकसाहेबांनी माझ्या हातातला कागद घेऊन चाळला. "ते काही लिहिलेलं नाही. बाहेर येईपर्यंत वाट बघत असतील. पण एक लिहिलंय. परत येताना तो ते पांढरे कपडे आतच सोडून येतो. प्रभूच्या कबरेतही तेच झालं. शिष्य आत गेले तेव्हा तिथे नुसती तागाची वस्त्रं होती. तो नव्हता."

मावशीने त्या दिवशी पुढे एकही टीप मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला खाली बोलावलं. मशीनचं एक टोक मला धरायला लावलं. बोळातून, पंपाला वळसा घालून, आम्ही ते काकांच्या खोलीत नेलं आणि पलंगाला खेटून ठेवलं. माझ्या बोटांची सालं निघाली. मग तिने दांडीवरची घंटी सोडली, फडक्याने पुसली आणि झग्याच्या काठाला शिवून टाकली. ती बाकीच्यांपेक्षा मोठी होती. लपत नव्हती.

"आता मावशीला बोलवणार कसं, काका?" मी विचारलं.

काकांनी डावा हात थोडा पुढे केला. मावशीची बाही हातात आली. ती त्यांनी दोनदा ओढली.

"झालं सुरू," मावशी म्हणाली. "टीप वाकडी गेली तर पाळकसाहेबांना तुमचं नाव सांगेन."

त्यानंतर ती मशीन चालवताना मधेच थांबली नाही.

नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी नेहमीसारखी गेले. मावशी पांढऱ्या अंगरख्याची दुमड हाताने घालत होती. काकांचा हात तिच्या मांडीवर होता. मी कागद उघडला.

"आज नको," ती म्हणाली. "ते गेले. अर्धा तास झाला असेल."

मी उभीच राहिले. चार वर्षं शोकांतिका शिकले होते. उघडलेला कागद पुन्हा मिटला.

"बस. वीतभर राहिलंय. मग सगळ्यांना कळवू."

तिने दुमड पुरी केली. गाठ मारली. दोरा दाताने तोडला. एकदाही सुई टोचून घेतली नाही. मी बघत होते. अजूनही तेच बघते आहे.

काकांना तोच पोशाख घातला. तो त्यांनाही मोठा झाला. जमलेल्या बायका म्हणाल्या, मागून दोन टाके घालून आवळू या.

"नको," मावशी म्हणाली. "माप त्यांचंच आहे."

पाळकसाहेबांनी प्रदर्शनासाठी दुसरं कापड आणतो म्हटलं. तिने मान हलवली.

प्रदर्शन ठरल्या दिवशी भरलं. पुतळ्यावर निळा झगा, त्यावर खांद्यांवर खडे असलेला सोनेरी एफोद, ऊरपट, कपाळावर सोनेरी पट्टी. शेजारी एक रिकामा हँगर. मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. येणारी प्रत्येक मुलगी काठाला हात लावून घंट्या हलवायची. अकरा किणकिणायच्या आणि एक ठणकन वाजायची. ती वाजली की मावशीची मान वळायची.

चष्मेवाल्या एका बाईंनी हँगर बघितला. "इथले कपडे कुठे आहेत?"

"वापरात आहेत," मावशी म्हणाली.