तिरप्या पट्ट्यातला म्हाळू

राहू गावचा म्हाळू अठरा वर्षं बैलगाडीवर बसला आणि चार वर्षं ट्रॅक्टरवर. दोन्हीकडं चाक ढुंगणाशी. कुठं वळायचं, कुठं बांध खरवडेल, हे त्याला डोळ्यांनी बघावं लागत नसे. बुडालाच कळायचं.

शहात्तर साली सोसायटीचे चेअरमन हौसराव यांनी पुण्याहून जुनी अँबॅसिडर आणली. पांढरी, पण फार पांढरी नव्हे. म्हाळूजवळ ट्रॅक्टरच्या वेळचं लायसन होतं, तेवढ्यावर त्यांनी त्याला डायव्हर केलं. म्हाळूनं त्याच आठवड्यात बैलजोडी विकून टाकली.

"डायव्हर माणूस बैल पाळतो व्हय?" तो म्हणाला.

बायको साखरबाई एवढंच म्हणाली, "डायव्हरकी गेली तर बैलांच्या जागी मी न्हाई जुंपून घ्यायची."

सरळ रस्त्याला म्हाळू झकास होता. राहू-यवत, यवत-वरवंड, पोटातलं पाणी हलायचं नाही. घोडं अडलं शिरूरला. तिथल्या नव्या कचेरीच्या आवारात कुणा शहाण्यानं भिंतीलगत चुन्याचे तिरपे पट्टे मारले होते. दोन पट्ट्यांच्या मधी एक गाडी, नाक भिंतीकडं. पहिल्याच मीटिंगला म्हाळूनं गाडी घातली ती दीड पट्ट्यात. डाव्या बाजूच्या जीपला मागलं चाक घासता घासता राहिलं. म्हाळू घाबरून तिथंच थांबला. जीपवाल्या साहेबाला दुसऱ्या अंगानं, गिअरच्या दांडीवरनं पाय टाकत आत बसावं लागलं. चार डायव्हर विड्या ओढत बघत होते.

"पाव्हणं, गाडी लावली का टाकली?" त्यातला एक म्हणाला.

परतताना न्हावरं गाव मागं पडल्यावर हौसराव बोलले.

"म्हाळू, म्होरल्या मंगळवारी परत मीटिंग हाय. गाडी पट्ट्यात सरळ लागली तर तू डायव्हर. न्हाई लागली तर शिरूरचा एक पोरगा मला सांगून आलाय."

"व्हय आबा."

"रविवारी गाडी घिऊन जा घरी. काय घोकायचं ते घोक."

रविवारी म्हाळूच्या खळ्यावर शिरूरची कचेरी उभी राहिली. साखरबाईनं चुलीतली राख आणून तिरप्या रेघा ओढल्या. भावकीतल्या दोन बैलगाड्या मागून आणल्या आणि दोन अंगांना दोन जिपा म्हणून तिरप्या लावल्या. त्यांच्या चाकांना भुसकटाची पोती बांधली. आबांच्या गाडीला ओरखडा गेला असता तर मंगळवारची वाटच बघायला नको होती.

म्हाळूनं गाडी आणली, तो स्वतः रेघेशी आला तसा वळला. डावं मागलं चाक पोत्यात. पुन्हा आणली. पोत्यात. सकाळधरनं जेवणापर्यंत पोतं फुटून भुसकट उधळलं, तरी तेच.

"रेघा वाकड्या वढल्यात तू," म्हाळू म्हणाला.

"मंग शिरूरच्या बी मीच वढल्या आसतील."

पुढच्या खेपेला ती गाडीच्या बरोबर चालू लागली. चढाला बैलगाडीला रेटा देताना चाकाशी चालायची, तशी मागल्या चाकाशी. म्हाळू वळणार तोच तिनं टपावर थाप मारली.

"थांबा. खाली उतरा."

म्हाळू उतरला. तिनं त्याच्या दारावर हात ठेवला. "तुमी हितं बसलाय." मग चार पावलं मागं गेली, चाकाला पाय लावला. "आन् चाक हितं हाय. तुमी तर चाकावर बसल्यागत वळताय."

म्हाळू बराच वेळ चाकाकडं बघत राहिला. मग सीटकडं. मग पुन्हा चाकाकडं.

"आयला," तो म्हणाला.

"बायकू चार पावलं मागनं चालतीया आसं धरा. तिला चाकाखाली न घेता वळा."

"ती कुठं चार पावलं मागनं चालती?"

पण धरलं त्यानं. गाडी रेघांपासनं लांब उजवीकडनं आणली, वळायच्या जागी वळला नाही, बायकोपुरतं अंतर पुढं गेला आणि मग चाक फिरवलं. गाडी दोन बैलगाड्यांच्या मधी अशी गेली की पोत्याचं सूतसुद्धा हललं नाही. खळ्याच्या पुढच्या अंगानं तो सरळ निघाला, वळसा मारून पुन्हा आत आला. अंधार पडेपर्यंत चाळीस वेळा तरी.

मंगळवारी शिरूरला डावीकडची जीप आणि उजवीकडची एक गाडी यांच्या मधी एकच पट्टा रिकामा होता. विडीवाले डायव्हर उठून उभे राहिले. म्हाळूनं गाडी लांबून आणली, बायकोपुरतं पुढं गेला, वळला. दोन्हीकडं हातभर जागा सोडून गाडी भिंतीशी थांबली. हौसराव उतरले, वाकून चुन्याचे दोन्ही पट्टे बघितले, धोतराचा सोगा सावरत मीटिंगला गेले.

मीटिंग संपली. ते येऊन मागं बसले. म्हाळूनं गाडी चालू केली आणि समोर भिंत बघितली.

खळ्याला भिंत नव्हती. चाळीसच्या चाळीस वेळा तो पुढनंच बाहेर पडला होता. दोन गाड्यांच्या मधनं तिरपं मागं कसं यायचं, हे त्यानं एकदाही केलेलं नव्हतं. त्यानं गाडी बंद केली.

"काय झालं रं?"

म्हाळूला थाप मारता आली असती. इंजिन तापलंय म्हणता आलं असतं. तो वळून म्हणाला, "आबा, घालायला शिकलो. काढायला न्हाई शिकलो."

हौसरावांनी एक नजर भिंतीकडं टाकली, एक डाव्या जीपकडं.

"ही जीप कवा जाईल?"

"साहेब आत हायती. घटकाभर लागंल."

"मंग चल, च्या पिऊ." दार उघडता उघडता ते म्हणाले, "मी लावायचं बोललो हुतो. काढायचं न्हवतो बोललो. पण म्होरल्या मंगळवारी बोलणार हाय."

चहा दोनदा झाला. जीप गेली. मग म्हाळूनं मोकळ्या अंगानं गाडी हळूहळू मागं काढली आणि राहूला आणली.

घरी आल्यावर साखरबाईनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापायची होती ती परातीत तशीच ठेवली, चुलत दिराकडं गेली आणि त्याची बैलगाडी मागून आणली. खळ्याच्या पुढच्या अंगाला, रविवारपासनं तिथंच उभ्या असलेल्या दोन बैलगाड्यांच्या नाकासमोर, ती आडवी लावली.

"ही भिंत," ती म्हणाली. "रविवारी आबांकडनं गाडी मागा."